तांदळातली अन्नपूर्णा

"काय दिसलं हो?"

आमच्या ह्यांनी दवाखान्यात डोळे उघडले, तेव्हा मी विचारलेला पहिला प्रश्न हा. कसं वाटतंय, दुखतंय का, पाणी देऊ का, काही काही नाही. डॉक्टर शिराळकरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "वहिनी, सरांचं हृदय चक्क बंद पडलं होतं. विजेचे झटके देऊन परत चालू केलंय." म्हणजे माणूस पार तिकडे जाऊन आला होता. अहो, साधं नरसोबाच्या वाडीला जाऊन आलेल्यालासुद्धा आपण गर्दी होती का म्हणून विचारतो. मग मी विचारलं तर काय चुकलं?

हे बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. नाकात नळी, ओठ सुकून पांढरे पडलेले. मग अगदी हळू म्हणाले, "बाई दिसली."

"बाई? कुठली बाई?"

"छोटीशी. पिवळी. मांडी घालून बसलेली. हातात पळी."

"आणि?"

"पांढऱ्या दाण्यांत बसली होती. म्हणाली, परत जा."

मी कॉटचा दांडा घट्ट धरला. कारण ती बाई कोण, हे मला बरोबर ठाऊक होतं. आणि ह्यांना ते ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं.

आता आमचे हे काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं. मुकुंद आठल्ये. सांगलीच्या एका हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात देव नाही हे शिकवायचे. कुणाकडे सत्यनारायणाला गेले तर यजमानासमोर म्हणायचे, "शिरा उत्तम झालाय. तुपामुळे. दुसऱ्या कुणामुळे नाही." गणपतीत शेजारी आरती सुरू झाली की मुद्दाम चपला घालून फिरायला निघायचे. माणूस वाईट नव्हता हो, पण एकदा बोलायला लागला की समोरच्याचा जीव नकोसा करायचा.

आमचं लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. देवाब्राह्मणांची भानगड नको, ही ह्यांची एकमेव अट. वडील लगेच तयार झाले. आई रडली. आमच्याकडे लग्नात मुलगी गौरीहर पुजते आणि त्यातली अन्नपूर्णा घेऊन सासरी जाते. आमच्या लग्नात गौरीहरच नव्हता. पण निघताना आईनं माझी ओटी भरली, आणि घरी येऊन पदर सोडते तो काय, ओटीतल्या तांदळात अन्नपूर्णा! पितळेची, अंगठ्याएवढी, मांडीवर आडवी पळी धरलेली. आईनं बरोबर ह्यांच्या नाकाखालून पाठवली होती.

घरात देव ठेवायचा नाही, हे ह्यांनी आधीच बजावलेलं. मग मी तिला तांदळाच्या डब्यात ठेवली. तांदळात बसायची तिला सवय असतेच, फक्त वाटीऐवजी डबा. हे शाळेत गेले की तिला बाहेर काढायची, पाण्यातून काढायची, कुंकू लावायचं, चार गोष्टी बोलायच्या, कुंकू पुसायचं आणि परत तळाशी. अशी तीस वर्षं गेली. आमच्या लेकीचं, वैजूचं बाळंतपण, रॉकेलची रांग, वन्संचे टोमणे, सगळं तिला माहीत. मला दुसरी मैत्रीण अशी नव्हतीच. मागणं एकच असायचं, ह्यांना सुबुद्धी दे बाई.

आणि ती जागृत होती बरं का. हे मी श्रद्धेनं नाही, पुराव्यानं सांगायची. म्हणजे मनातल्या मनात. उघड कुणाला सांगणार? वैजू लहान असताना मला टायफॉइड झाला. अंथरुणातून उठवेना. नेमके त्याच वेळी तांदळाला टोके लागले. हे म्हणाले, "तू पडून राहा, मी बघतो," आणि माझ्या डोळ्यांदेखत डबा उचलून गच्चीवर गेले. मी तापानं जेवढी फणफणले नव्हते तेवढी भीतीनं फणफणले. आता येतील, मूर्ती समोर आपटतील आणि व्याख्यान सुरू करतील. पण हे खाली आले, डबा जागेवर ठेवला, "झाले साफ" म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडलं. बरी झाल्यावर मी डब्यात हात घातला. ती होती तिथेच होती. नुसती होती असं नाही, तर लखलखत होती. घाईघाईत धुतल्यानं काळवंडलेली बाई, तिच्या तोंडावर असं तेज आलं होतं की मला रडूच फुटलं. दाणान् दाणा निवडणाऱ्या माणसाला अख्खी मूर्ती दिसू नये? नाही दिसली, कारण तिला दिसायचं नव्हतं. त्या दिवसापासून जगातल्या कुणीही येऊन मला देव नाही म्हणून सांगावं, मी नुसती हसायची.

आणि आता तीच ह्यांना दिसली होती. थेट मरणाच्या दारात. मला काय वाटलं असेल, तुम्हीच बघा.

वाईहून वन्सं आल्या. ह्यांची थोरली बहीण, शुक्रवारापासून गुरुवारापर्यंत सगळे उपास करणारी. भावानं कॉटवर पडल्या पडल्या हकिगत सांगितली तशा त्या पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "मुकुंदा, पळी हातात म्हणजे अन्नपूर्णाच ती! तुला कळलं नाही, पण तिनं तुला ओळखलं."

"मला काय कळणार, ताई? मी असली मूर्ती जन्मात पाहिलेली नाही," हे म्हणाले. आणि मग सवयीनं मास्तर जागा झाला. "तोच तर मुद्दा आहे. मरताना मेंदूला प्राणवायू कमी पडतो, मग तो जुनं सामान उपसतो. जे पाहिलंय तेच माणसाला दिसतं, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. पण जे पाहिलंच नाही ते माझ्या मेंदूनं आणलं कुठून?"

वन्संना त्यातलं काही कळलं नाही, पण वाई ते सांगली सगळ्यांना त्यांनी ते सांगितलं. आम्ही घरी येतो तो दारात चपलांचा ढीग. ज्यांच्या शिऱ्याला ह्यांनी नावं ठेवली होती ती सगळी मंडळी नारळ घेऊन हजर. आठल्ये सरांना देवी दिसली, आठल्ये सरांना! जन्मभर देवदेव करणाऱ्या माणसाला दिसली असती तर कुणी चौकशीलाही फिरकलं नसतं. वन्संनी बाजारातून वीतभर उंचीची नवी कोरी अन्नपूर्णा आणली आणि ह्यांची आदर्श शिक्षकाची ढाल शोकेसमधून काढून तिथे तिची स्थापना केली. हे सकाळ-संध्याकाळ तिला हात जोडायचे. माझी मात्र डब्यातच. मला हेवा वाटला नाही म्हटलं तर खोटं होईल, पण आनंद त्याहून मोठा होता. तीस वर्षं ज्यासाठी नवस बोलले ते घरात घडत होतं. डबा उघडून मी तिला म्हटलं, "जिंकलीस ग बाई!"

तो आनंद शिराळकर डॉक्टर येईपर्यंत टिकला. त्यांनी ह्यांच्या छातीचे फोटो पुढ्यात मांडले आणि सांगितलं, की रक्तवाहिन्या तुंबल्यात, मिरजेला जाऊन बायपास करायला हवी, आणि लवकर करायला हवी.

"नको," हे म्हणाले.

"नको म्हणजे?"

"जिनं परत पाठवलं, ती बघून घेईल."

डॉक्टरांना वाटलं सर थट्टा करताहेत. ते ह्यांचेच विद्यार्थी, ह्यांच्याच हातचा मार खाऊन डॉक्टर झालेले. हसले. मग ह्यांच्या कपाळावरची विभूती बघून हसू मावळलं. जाताना मला फाटकाशी म्हणाले, "वहिनी, स्पष्ट सांगतो. पुढचा झटका आला तर आम्ही काही करू शकणार नाही. सरांना काहीही करून तयार करा. त्यांना तर्काचं बोललेलं पटतं, तुम्ही तर्कानं बोला."

तर्क! आता तो कुठून आणू? मी विनवण्या केल्या, वैजूला फोनवर रडायला लावलं. हे आपले डोळे मिटून, "देवीची इच्छा." वन्सं त्यात तेल ओतायला बसलेल्याच. "साक्षात आईनं परत पाठवलेल्या देहाला सुरी लावायची? इंदू, तुझी श्रद्धाच कमी पडते."

माझी श्रद्धा कमी पडते! मला त्या बाईंच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या.

जिन्यावरून चार पायऱ्या चढले तरी ह्यांचा चेहरा राखेसारखा व्हायचा. माणूस हळूहळू चालला होता आणि घरात आरत्या चालल्या होत्या. आणि माझ्याकडे एक तोड होती, हेच माझं दुखणं. ह्यांचा सगळा विश्वास एका वाक्यावर उभा होता, की ती मूर्ती मी कधी पाहिलेलीच नाही. मी डबा पुढ्यात ठेवून म्हटलं असतं, ही बघा, घरातलीच आहे, टायफॉइडच्या वेळी तुमच्या नजरेला पडली असणार, की झालं. माणूस पुन्हा होता तसा नास्तिक होऊन ऑपरेशनला गेला असता. पण तसं म्हणायचं म्हणजे मी धडधडीत खोटं बोलायचं होतं. तेव्हा ती ह्यांना दिसली नव्हती, तिनंच दिसू दिलं नव्हतं. तिचा सगळ्यात मोठा चमत्कार मीच खोटा पाडायचा, आणि तोही तिनं माझ्या नवऱ्याला दारातून परत आणल्यावर? मी तिला विचारलं, "सांग ना ग, काय करू?" ती काही बोलली नाही. शेवटी मी म्हटलं, तुला राग आला तर मला काय हवी ती शिक्षा कर, पण हा माणूस मला हवाय.

दुपारी वन्सं देवळात कीर्तनाला गेल्या. मी अख्खा डबा उचलला आणि ह्यांच्या कॉटशी नेऊन ठेवला. हात खुपसून तिला बाहेर काढली आणि ह्यांच्यासमोर धरली.

"हीच ना ती बाई?"

हे मूर्तीकडे बघेनात. माझ्याकडे बघत राहिले.

"माझ्या आईनं दिली होती," मी म्हटलं. थांबले असते तर पुढे बोलणं झालंच नसतं, म्हणून एका दमात बोलत सुटले. "लग्नापासून ह्या घरात आहे. तुमच्यापासून लपवली, माझं चुकलं असेल तर बोला. पण टायफॉइडच्या वेळी तुम्ही तांदूळ निवडलेत, तेव्हा तुम्हाला दिसली असणार. तुमच्या लक्षात राहिली नाही, पण मेंदूनं ठेवून घेतली. मरताना तो जुनं सामान उपसतो, तुम्हीच सांगता. तेव्हा देवीबिवी कुणी आली नव्हती. परत पाठवलं ते शिराळकरांनी, विजेनं. ती काही बघून घेणार नाही. ऑपरेशन करून घ्या."

मनात एकसारखं, माफ कर ग, माफ कर ग, असं चाललेलं. आयुष्यात पहिल्यांदा मी देव नाही म्हणून कुणाला तरी पटवत होते, आणि तेही कुणाला?

ह्यांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "एवढा जड डबा कशाला उचललास? कंबर धरेल. तिला तेवढी आणायचीस."

"तळाशी असते ती, आणि तांदूळ काठोकाठ..." मी बोलता बोलता थांबले. "ही डब्यात कशी, हे विचारलं नाहीत तुम्ही. आश्चर्यही वाटलं नाही तुम्हाला."

"माहीत आहे मला."

"केव्हापासून?"

"टायफॉइडपासून. सुपात टणकन पडली. आधी वाटलं, वाण्यानं एवढा मोठा खडा घातला की काय." हे किंचित हसले. "तू तापात होतीस. तुला काय बोलायचं? पार काळी पडली होती बिचारी. चिंच लावून घासली, राखेनं उजळली आणि होती तशी ठेवली. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, त्यानं पितळेवरचा तो थर..."

"गप्प बसा!" मी ओरडले.

मी तिथेच जमिनीवर बसले. ते तेज. तिच्या तोंडावरचं ते तेज, ज्याच्या जोरावर मी इतकी वर्षं जगाला हसत आले होते! चिंच! मी ज्याला खोटं समजून बोलले होते तेच खरं निघालं होतं.

मी विचारलं, "मग ती दिसली, परत जा म्हणाली, ते?"

"काही दिसलं नाही, इंदू."

"अंधार तरी?"

"अंधारसुद्धा नाही. छातीत कळ आली आणि मग छतावरचा पंखा दिसला. मधलं काही नाहीच." हे चादरीची सुरकुती काढत बसले. "तू विचारलंस ना, काय दिसलं म्हणून. तुझं तोंड तू बघायला हवं होतंस तेव्हा. मला वाटलं, आपण काही आता राहत नाही. तीस वर्षं हिला एक देव उघड्यावर ठेवू दिला नाही. जाता जाता एवढं तरी द्यावं."

"आणि ऑपरेशनला नको म्हणताय ते?"

ह्यांनी मान खाली घातली. वर्गातली पोरं ज्यांच्या नुसत्या खाकरण्याला चळाचळा कापायची, तो माणूस लहान पोरासारखा म्हणाला, "भीती वाटते गं. छातीचं हाड करवतीनं कापतात. देवी दिसली म्हणून सगळीकडे झालंच होतं, म्हटलं तिच्या आड लपावं."

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. ह्या माणसावर मी जन्मात इतकी माया केली नसेल आणि इतकी चिडलेही नसेन. माझं गुपित ह्यानं माझ्याहून चांगलं सांभाळलं होतं आणि ते सांभाळता सांभाळता माझा देव मात्र चिंचेनं घासून टाकला होता. ह्याला ते कळतही नव्हतं. एवढी लपवाछपवी उघड झाली, आता बायको खूश असेल, अशा नजरेनं माझ्याकडे बघत होता.

"उठा," मी म्हटलं, "आधी कपाळावरचं ते पुसा. शिराळकरांना मी फोन करते."

ऑपरेशन नीट झालं, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. हे त्यानंतर पुष्कळ जगले, पुष्कळ भांडले. पण मला सांगायचंय ते आत नेतानाचं.

मिरजेच्या दवाखान्यात सकाळी ह्यांना हिरवा झगा घालून स्ट्रेचरवर झोपवलं. ऑपरेशन हीसुद्धा देवीचीच इच्छा, असं ह्यांनी वन्संना पटवलं होतं. त्यांनी देवळातला अंगारा लावला, हे चक्क काही बोलले नाहीत. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर ढकलायला घेतला आणि ह्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार पडला होता.

"इंदू, इकडे ये." मी वाकले. वन्संना ऐकू जाणार नाही असं हे पुटपुटले, "सांगितलंस का तिला?"

"कुणाला?"

"तिला गं. आपल्या डब्यातलीला. आज आहे म्हणून."

मी ह्यांच्या डोळ्यांत बघितलं. थट्टा नव्हती. ह्या जगात एकही देव नाही हे तोंडपाठ असलेला माणूस माझ्या उत्तराची वाट बघत होता आणि माझं मनगट सोडत नव्हता.

त्या दुपारी तिला परत तळाशी ठेवली, त्यानंतर मी डब्याला हात लावला नव्हता. भाताला तांदूळ लागले तर वन्संना काढायला सांगायची. त्यांनी वरच्यावर काढलेले मला चालत होते. तिला काय सांगणार आणि कशाला?

"सांगितलं," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मी आहे. निवांत जाऊन या."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. कपाळावरच्या आठ्या गेल्या, मनगटावरची बोटं सैल झाली. "मग बरं," म्हणाले आणि डोळे मिटले. स्ट्रेचर आत गेला, दार लागलं.

वन्संनी बाकावर बैठक मारली, पिशवीतून जपमाळ काढली आणि मला कोपरानं ढोसलं. "बघत काय बसलीस? तूही म्हण. सवाष्णीचं ऐकते ती."

मी त्यांच्या शेजारी बसले, हात जोडले आणि नुसते ओठ हलवत राहिले.